चार खुर्च्या आणि दोन पाती

देवास हे माळव्यातले एक गाव, पण स्वातंत्र्यापर्यंत तिथे दोन राज्ये नांदत होती. पवार घराण्यातल्या तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या वंशजांत गाव आणि मुलूख वाटला गेला आणि त्यातून थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने उभी राहिली. दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार, आणि दोघांच्या मधोमध देवीची एकच टेकडी. इंदूरच्या पलीकडे, पश्चिमेला धारमध्ये त्याच पवारांची आणखी एक गादी. इंग्रजांनी १८१८-१९ मध्ये या सगळ्यांशी तह केले आणि पुढे प्रत्येकाचा मान तोफांच्या सलामीच्या आकड्यात बांधून टाकला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांना २१, इंदूरच्या होळकरांना १९, धारला १५, देवासच्या दोन्ही पातींनाही १५-१५. मुलूख आटोपशीर, उत्पन्न बेताचे, पण तोफा पंधरा म्हटल्यावर त्या पंधरा तोफांना शोभेल असा वाडा हवा, पाहुणचार हवा, प्रवासाचा थाट हवा. लांब पल्ल्याच्या विमानातल्या फर्स्ट क्लासचे पुढे काय होणार, हा प्रश्न देवास आणि धार या दोन गावांपासून फार दूरचा वाटेल. दोन्ही गावांना मोठा विमानतळ नाही आणि धारकरांनी तर रेल्वेचीच वाट पिढ्यानपिढ्या पाहिली. तरीही या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला माळव्यातल्या या संस्थानांइतका उपयोगी दाखला दुसरा दिसत नाही. जागा मानासाठी राखून ठेवली आणि तिचा खर्च पेलणारी व्यवस्था मागे नसली, तर काय घडते हे इथे अगदी जवळून पाहता येते.

ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९१२-१३च्या भारतभेटीत प्रथम देवासला आला आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा खासगी सचिव म्हणून काही महिने तिथे राहिला. तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे जावई. फॉर्स्टरने देवासहून घरी लिहिलेली पत्रे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापून आली. त्यांत महाराजांविषयी अपार माया आहे आणि कारभाराविषयी तितकीच निराशा. नवा राजवाडा बांधून पूर्ण होत नव्हता आणि त्याचा आधी बांधलेला भाग पडायला लागला होता. विलायतेहून आणवलेली महागडी वाद्ये न वाजवता बिघडून गेली होती. यंत्रे होती, ती चालवणारी माणसे नव्हती. पुढे संस्थान कर्जात रुतले, इंग्रज सरकारने हिशेब मागितला, आणि १९३३च्या अखेरीस तुकोजीराव फ्रेंचांच्या ताब्यातल्या पाँडिचेरीला निघून गेले. तिथेच १९३७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाले, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना ठाऊक आहेच. तुकोजीरावांना उधळे म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. पंधरा तोफांचा मान त्यांना वारशाने मिळाला होता आणि तो सांभाळणे हे ते आपले कर्तव्य समजत होते. मान मात्र एका सार्वभौम राज्याचा होता, आणि तिजोरी एका मध्यम तालुक्याची.

आता विमानाकडे वळू. भारताच्या एअर इंडिया या विमान कंपनीने १९४६ मध्ये आपले बोधचिन्ह म्हणून महाराजाच निवडला. बॉबी कूका यांची कल्पना, उमेश राव यांचे चित्र. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा परदेशी विमानप्रवास हीच एक चैन होती. आतल्या प्रवाशांत वेगवेगळे वर्ग करण्याची गरजच नव्हती, कारण विमानात पाय ठेवणारा प्रत्येक जण वरच्या वर्गातलाच होता. १९५२ मध्ये अटलांटिक महासागरावर टुरिस्ट क्लास सुरू झाला, १९५८ मध्ये इकॉनॉमी आला, आणि त्यानंतर पुढच्या भागाला ‘फर्स्ट’ असे वेगळे अस्तित्व मिळाले. फर्स्ट क्लास जन्माला आला तो खालच्या वर्गांमुळे, ही गोष्ट त्याच्या भवितव्याचा विचार करताना विसरून चालत नाही. एप्रिल १९७१ मध्ये एअर इंडियाचे पहिले ७४७ विमान ‘एम्परर अशोक’ मुंबईत उतरले. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी, वरच्या मजल्यावर बैठक, आणि जाहिरातीत आकाशातला राजवाडा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सव्विसावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि धार-देवाससह देशातल्या सगळ्या माजी संस्थानिकांचे तनखे व मान्यता संपली. जमिनीवरचे राजेपण कायद्याने गेले आणि तेच त्याच वर्षी तिकिटाच्या दराने आकाशात विकायला निघाले. हा योगायोग असेल, पण आपल्या फर्स्ट क्लासची घडण कशातून झाली हे त्यावरून कळते. रात्रभराच्या प्रवासात माणसाला नीट झोप कशी लागेल, हा विचार त्यात मागाहून आला. आधी आला तो राजेशाही वागणुकीचा.

आजची स्थिती आकड्यांत अशी आहे. टाटा समूहाने २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया ताब्यात घेतली, तेव्हा तिच्या मोठ्या बोइंग ७७७-३००ईआर विमानात ३४२ आसने होती. त्यांपैकी फर्स्ट क्लासची ४, बिझनेसची ३५ आणि उरलेली ३०३ इकॉनॉमीची. त्याच कंपनीने जानेवारी २०२४ पासून उडवायला घेतलेल्या नव्या एअरबस ए३५० विमानात ३१६ आसने आहेत: बिझनेसची २८, प्रीमियम इकॉनॉमीची २४, इकॉनॉमीची २६४. फर्स्ट क्लास शून्य. २०१२ पासून ताफ्यात असलेल्या ७८७ ड्रीमलायनरमध्येही तो नव्हताच. इंडिगोने २०२५च्या जुलैत मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमसाठी भाड्याच्या ७८७ विमानांनी सेवा सुरू केली, त्यांत ५६ आसने वरच्या दर्जाची आणि २८२ इकॉनॉमीची. जगातही ओघ तोच आहे. अमेरिकेच्या युनायटेडने आपला आंतरराष्ट्रीय फर्स्ट क्लास गेल्या दशकातच गुंडाळला. अमेरिकन एअरलाइन्सने २०२२ मध्ये तो काढून टाकण्याचे जाहीर केले आणि कारण सरळ सांगितले की गिऱ्हाईक तो विकत घेत नाही. ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये आणलेल्या ए३५०मध्ये तो ठेवला नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या दुमजली ए३८०मध्ये २००७ साली १२ सुट होते, २०१७च्या नव्या रचनेत ते ६ झाले.

हे का झाले, याचे उत्तर बहुतेक जण श्रीमंतांच्या बदललेल्या सवयींत शोधतात. माझ्या मते मूळ कारण खालच्या वर्गात आहे. ब्रिटिश एअरवेजने नव्वदीच्या मध्यावर फर्स्ट क्लासमध्ये पूर्ण आडवा होणारा पलंग दिला आणि अवघ्या काही वर्षांत, २००० मध्ये, तोच बिझनेस क्लासलाही दिला. त्या दिवशी फर्स्ट क्लासचा खरा आधार गेला. रात्रभराच्या प्रवासात माणसाला सर्वांत जास्त काय हवे असते, तर पाठ टेकून झोप. ती एकदा अर्ध्या किमतीत मिळाली की वरच्या किमतीत द्यायला उरते काय? रुंद गादी, अधिक चांगले जेवण, दरवाजा. मग २०१७ मध्ये कतार एअरवेजने बिझनेस क्लासलाही दरवाजा लावला. प्रत्येक पायरीवर हेच घडले आहे: वरच्या वर्गाने काही नवे शोधायचे, आणि पाच-दहा वर्षांत ते खालच्या वर्गाने उचलायचे. शोधण्यासारखे फारसे उरले नाही तेव्हा वरचा वर्ग अडचणीत आला.

आपल्या रेल्वेत ही गोष्ट आधीच घडून गेलेली आहे आणि तिच्याकडे विमानवाल्यांनी पाहायला हवे होते. इंग्रजी अमदानीत फर्स्ट, सेकंड, इंटर आणि थर्ड असे चार वर्ग होते. १९५५ मध्ये जुना फर्स्ट क्लास रद्द झाला, सेकंडला फर्स्ट म्हणू लागले आणि इंटरला सेकंड. १९७४ मध्ये थर्ड क्लास नावाने गेला. नव्या ‘फर्स्ट’चे, म्हणजे त्या चार खाटांच्या, पंख्याच्या, बंद दाराच्या डब्यांचे पुढे काय झाले? ते कोणी आंदोलन करून बंद पाडले नाहीत. सत्तरीच्या अखेरीपासून वातानुकूलित टू-टियर पसरू लागले, १९९३ मध्ये थ्री-टियर आले, आणि धुळीत, उन्हात, उघड्या खिडकीच्या फर्स्ट क्लाससाठी जास्त पैसे मोजायला कोणी उरले नाही. वातानुकूलित फर्स्ट क्लास मात्र टिकला, पण किती? नव्या वंदे भारत स्लीपर गाडीच्या सोळा डब्यांत ८२३ शायिका आहेत: थ्री-टियरच्या ६११, टू-टियरच्या १८८, फर्स्टच्या २४. म्हणजे शंभरात तीनही नाहीत. गाडी चालते ती त्या ६११वर. विमानाचे गणित याहून कठोर आहे, कारण गाडीला एक डबा जास्त जोडता येतो, विमानाची लांबी वाढवता येत नाही.

त्या गणिताकडे जरा थांबून पाहू. एमिरेट्सने २०१७ मध्ये ७७७ विमानात बसवलेला बंद सुट सुमारे ४० चौरस फुटांचा आहे. इकॉनॉमीची खुर्ची साधारण १८ इंच रुंद आणि दोन रांगांमधले अंतर ३१ इंच, म्हणजे माणशी चार चौरस फुटांहून किंचित कमी. गल्ली, स्वच्छतागृह, स्वयंपाकाची जागा सोडून हिशेब केला तर एका सुटच्या जागेत दहा माणसे बसतात. तेवढ्या जागेचे तेवढेच पैसे यायचे असतील तर सुटचे तिकीट इकॉनॉमीच्या दहापट किमतीला विकले गेले पाहिजे, आणि तेही प्रत्येक फेरीला. यात त्या सुटच्या भिंती, सरकते दरवाजे, मोटारी यांचे वजन धरलेले नाही, त्यासाठी जळणारे इंधन धरलेले नाही, वेगळा स्वयंपाक आणि वेगळे सेवक धरलेले नाहीत. शिवाय दरवाजाची एक खीळ अडकली तर तेवढ्यासाठी पूर्ण आसन बंद ठेवावे लागते. चारच आसने असलेल्या वर्गात एक बंद पडले की चौथा हिस्सा उत्पन्न गेले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रिकामी राहिलेली आसने. ती बरेचदा मैलांच्या मोबदल्यात किंवा बढती म्हणून दिली जातात, म्हणजे आसन भरते पण तिजोरी भरत नाही. देवासच्या त्या राजवाड्यातली वाद्ये मला इथे आठवतात. आणण्याचा खर्च एकदाच होतो, राखण्याचा रोज होतो, आणि रोजचा खर्च करायची कोणाची तयारी नसते.

मग विकत घेणारे कोण उरले? लांब पल्ल्याच्या महाग तिकिटांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे कंपन्या आणि सरकारे. कंपन्यांच्या प्रवास नियमांत बिझनेस क्लास बसतो, फर्स्ट क्वचितच बसतो, कारण भागधारकांपुढे त्याचे समर्थन करता येत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये खर्चकपातीचा आदेश काढून आपल्या अधिकाऱ्यांना विमानातल्या फर्स्ट क्लासने प्रवास करण्यास मनाई केली. एकेकाळी सरकारी कंपनीची पुढची आसने सरकारी माणसांनीच भरत, हे लक्षात घेतले तर या आदेशाचे वजन कळेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या सर्व वर्गांवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आधी १२ होता. उरले अतिश्रीमंत. त्यांच्यापुढे आता खासगी विमानाचा पर्याय आहे. बोम्बार्डियरचे ग्लोबल ७५०० हे विमान न थांबता ७,७०० सागरी मैल जाऊ शकते, म्हणजे मुंबई-न्यूयॉर्क त्याच्या आवाक्यात आहे. आगबोटींचा फर्स्ट क्लास विमानाने ओढून नेला, तसा विमानाचा फर्स्ट क्लास खासगी विमानाने ओढून नेला, आणि दोन्ही वेळा आधी गेले ते ज्यांच्या नावाने तो वर्ग चालत होता तेच लोक.

इथे एक भक्कम आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. फर्स्ट क्लास मरतो आहे तर लुफ्तान्सा, एअर फ्रान्स, क्वांटास त्यावर आजही पैसा का ओततात? लुफ्तान्साने २०२४ मध्ये नवे बंद सुट आणले. एअर फ्रान्सने २०२५ मध्ये पाच खिडक्यांच्या लांबीचा नवा सुट दाखवला. क्वांटास सिडनीहून लंडन-न्यूयॉर्कला थेट उडण्यासाठी जे ए३५०-१००० घेते आहे, त्यात एकूण २३८ आसने आहेत आणि त्यांत ६ फर्स्टची. ब्रिटिश एअरवेजनेही ए३८०साठी नवा फर्स्ट जाहीर केला आहे. आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळे ‘फर्स्ट क्लास संपला’ असे सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो संपणार नाही, तो काही थोड्या ठिकाणी गोळा होईल. ही ठिकाणे कोणती ते नीट पाहिले की कारण उमगते. लुफ्तान्साने फ्रँकफर्टला २००४ मध्ये फर्स्ट क्लासच्या प्रवाशांसाठी स्वतंत्र टर्मिनलच बांधले. तिथे तपासणी, पासपोर्ट, जेवण, विश्रांती सगळे वेगळे, आणि तिथून प्रवाशाला गाडीने थेट विमानाच्या पायथ्याशी नेतात. पॅरिसला एअर फ्रान्सची व्यवस्था याच धर्तीची. दुबईला एमिरेट्सचे सगळे राज्य एकाच विमानतळावर. क्वांटासचा प्रवासी वीस तास हवेत राहणार, तिथे जागेची किंमत वेगळीच होते. म्हणजे जिथे विमानाबाहेरची व्यवस्था कंपनीच्या मुठीत आहे, किंवा अंतरच असामान्य आहे, तिथे फर्स्ट क्लास टिकतो. आकाशातले आसन बिझनेसने गाठले, तेव्हा फर्स्ट क्लास जमिनीवर उतरला. यापुढे तो आठ-बारा तासांच्या झोपेसाठी विकला जाणार नाही. रांगेत उभे न राहण्यासाठी विकला जाईल.

आता हीच कसोटी धार-देवासच्या प्रवाशाला लावून पाहू. आणि इथे प्रवासी आहेत. धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला वाहन उद्योग दाट आहे. बदनावरजवळ भैंसोला इथे सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. देवासला १९७४ पासून नोटांचा सरकारी छापखाना आहे, औषधांचे आणि पंपांचे कारखाने आहेत, किर्लोस्करांचाही त्यांत आहे. या कारखान्यांतून जर्मनीला, अमेरिकेला, जपानला माणसे जातात आणि तिकडून इकडे येतात. समजा यातल्या एखाद्या उद्योजकाला फ्रँकफर्टला जायचे आहे आणि पैशाची अडचण नाही. तो आधी रस्त्याने इंदूरला येणार. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून युरोप-अमेरिकेला थेट विमान नाही. आखाताकडे जाणारी सेवाही छोट्या, एका गल्लीच्या विमानांची, जिची सुरुवात जुलै २०१९ मध्ये दुबईच्या उड्डाणाने झाली. म्हणून तो दिल्लीला किंवा मुंबईला जाणार, बहुधा अशा विमानाने ज्यात फर्स्ट क्लास असूच शकत नाही. तिथे उतरून सामान, पुन्हा तपासणी, कधी टर्मिनल बदल, कधी मध्यरात्रीचे पाच तास. त्यानंतर कुठे त्याचा फर्स्ट क्लास सुरू होणार. या प्रवासात त्याला थकवणारे जे काही आहे ते सगळे त्या सुटच्या दाराबाहेर घडते. ४० चौरस फुटांची खोली त्यावर इलाज नाही. फ्रँकफर्टला राहणाऱ्याला फर्स्ट क्लास दारापासून दारापर्यंत मिळतो, देवासच्या माणसाला तो मधल्या तुकड्यापुरता मिळतो, आणि किंमत दोघांनाही सारखीच. आपल्या देशातला फर्स्ट क्लास रुजला नाही याचे हे कारण गरिबीपेक्षा मला जास्त पटते. मुंबई-दिल्लीबाहेरचे श्रीमंत गिऱ्हाईक त्या वर्गाने कधी खऱ्या अर्थाने धरलेच नाही.

‘पण देशाची प्रतिष्ठा?’ असे विचारणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा मुद्दा भावनेपुरता नाही. आखाती कंपन्यांनी आपले प्रवासी दुबई-दोह्याला ओढून नेले. ते परत आणायचे तर आपल्याकडेही त्यांच्या तोडीचे काही हवे, असे ते म्हणतात. हा प्रयोग करून झालेला आहे. जेट एअरवेजने २००७ मध्ये आपल्या नव्या ७७७-३००ईआर विमानांत दरवाजे असलेले ८ फर्स्ट क्लास सुट बसवले. मुंबईहून लंडन, ब्रसेल्समार्गे अमेरिका. त्या वेळी जगात असे सुट मोजक्याच कंपन्यांकडे होते आणि ज्यांनी त्यातून प्रवास केला त्यांनी वाखाणले. पण मागे मजबूत केंद्र नव्हते, जाळे अपुरे होते, इंधन महागले, मंदी आली, आणि त्यातली कित्येक विमाने पुढे परदेशी कंपन्यांना भाड्याने द्यावी लागली. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे शेवटचे विमान उडाले. कंपनी फर्स्ट क्लासमुळे बुडाली असे मी म्हणत नाही, तिची दुखणी अनेक होती. पण प्रतिष्ठेची आठ आसने तिला वाचवू शकली नाहीत हे तर उघड आहे. थोरल्या पातीच्या नव्या राजवाड्यामुळे संस्थान श्रीमंत ठरले नाही, आणि प्रतिष्ठेच्या हिशेबातली चूक दोन्हीकडे सारखीच दिसते. आखाती कंपन्यांनी प्रवासी मिळवले ते सुटमुळे नव्हे. त्यांनी भारतातल्या लहान-मोठ्या शहरांपर्यंत विमाने पाठवली आणि एका थांब्यात जगात कुठेही पोचवले, त्यामुळे मिळवले.  प्रतिष्ठा परत मिळवायची असेल तर ती इंदूर, नागपूर, पुण्याहून दिल्ली-मुंबईत उतरणाऱ्याचे सामान थेट पुढच्या विमानात जाण्यात मिळेल.

आणखी एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, की पुढचे लोक जास्त पैसे देतात म्हणून मागच्यांना स्वस्तात जाता येते. यात तथ्य आहे, पण ते बिझनेस क्लासचे आहे. लांब पल्ल्याच्या उड्डाणाचा नफा-तोटा बिझनेसच्या तीस-पन्नास आसनांवर ठरतो, कारण ती पैसे देऊन भरतात. चार फर्स्ट आसनांवर मागच्या तीनशे जणांची तिकिटे स्वस्त होत नाहीत. उलट हिशेब मांडला तर त्या चार सुटच्या जागेत प्रीमियम इकॉनॉमीच्या दोन-तीन रांगा बसतात.

आणि समतेचा प्रश्न? ज्यांना वाटते की फर्स्ट क्लास गेला म्हणजे विमानातली उच्चनीचता कमी झाली, त्यांच्याशी मला वाद घालावासा वाटतो, कारण मलाही ती कमी व्हावी असेच वाटते. तसे होताना दिसत नाही. व्हर्जिन अटलांटिकने २०२२ मध्ये बिझनेसच्या पहिल्या रांगेत मोठे सुट दिले आणि त्यांचे वेगळे नाव ठेवले. युनायटेडने २०२५ मध्ये तसेच जाहीर केले. लुफ्तान्सा बिझनेसमधल्या चांगल्या खुर्च्यांसाठी जादा पैसे आकारते. फर्स्ट क्लास जिथे बंद झाला तिथे तो बिझनेसच्या पुढच्या रांगेत जाऊन बसला आहे. १९५५ साली रेल्वेत वर्गांची नावे सरकली, अंतरे तशीच राहिली. १९७१ नंतर धार-देवासच्या राजघराण्यांतली माणसे निवडणुका लढवून सार्वजनिक जीवनात राहिली, म्हणजे मानाचे रूप बदलले, तो नाहीसा झाला नाही. विमानातही असेच होणार आहे. मला यात वाईट वाटत नाही. बिझनेसच्या पहिल्या रांगेत पैसे देऊन बसलेल्या माणसाला वेगळा दरबार लागत नाही, वेगळे स्वयंपाकघर लागत नाही. त्याच्या थाटाचा बोजा विमानावर कमी पडतो. एवढा फरक पुरेसा महत्त्वाचा आहे.

माझा आग्रह आहे तो मोकळ्या झालेल्या जागेचे काय करायचे याविषयी. माळव्यातल्या मराठी घरांतली मुले-मुली आज इंदूर-पुण्यातून शिकून न्यू जर्सी, टेक्सास, म्युनिक, सिडनीत आहेत. त्यांच्याकडे जाणारे लांब पल्ल्याचे खरे प्रवासी म्हणजे साठी-सत्तरीचे आई-वडील. नातवंडांच्या जन्माला जातात, आजारपणात जातात, सहा महिने राहून परत येतात. दिल्ली ते अमेरिका चौदा-सोळा तास, त्याआधी इंदूर-दिल्ली, त्याआधी धार किंवा देवास ते इंदूर. गुडघे दुखणाऱ्या, पायांना सूज येणाऱ्या, रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या माणसाला ३१ इंचांत बसवून आपण ही अंतरे पार करायला लावतो. बिझनेसचे भाडे बहुतेक मुलांना परवडत नाही, आणि परवडले तरी आई-वडील ते देऊ देत नाहीत. या माणसांसाठी मधला वर्ग हवा. थोडी रुंद खुर्ची, पाय टेकायला आधार, पाठ नीट मागे जाईल एवढे अंतर, आणि गल्लीकडेची जागा. एअर इंडियाच्या ए३५०मध्ये अशी २४ आसने आहेत. ३१६मध्ये २४ म्हणजे शंभराला आठही पडत नाहीत. क्वांटासने आपल्या २३८ आसनांच्या विमानात ४० ठेवली आहेत, म्हणजे सतरा टक्के. वीस तास माणसाला बसवायचे तर मधली सोय वाढवावी लागते, हे तिथे कोणीतरी हिशेबाने ओळखले. आपल्याकडून अमेरिकेला जाणारी उड्डाणे त्याहून फार छोटी नाहीत.

इंडिगोने साठ ए३५०-९०० विमाने मागवली आहेत. ती येतील तेव्हा त्यांच्या आत काय असेल हे विमान येण्याच्या बरेच आधी ठरते. आसने बनवणाऱ्या कारखान्यांकडे रांगा लांब आहेत, आणि एकदा जमिनीला खिळलेली रचना दहा-पंधरा वर्षे सहसा बदलत नाही. एअर इंडियाच्या जुन्या ७७७ची आतली रचनाही बदलायची आहे. या दोन्ही ठिकाणी फर्स्ट क्लास ठेवायचा की नाही यावर चर्चा झाली तर ती दिल्ली-मुंबईच्या बड्या गिऱ्हाइकांना डोळ्यांपुढे ठेवून होईल, असा मला धसका आहे. ती होताना कोणीतरी इंदूरहून येऊन पुढचे विमान पकडणाऱ्या प्रवाशांचे आकडे टेबलावर ठेवावेत. त्यांत किती जणांचे वय साठच्या वर आहे, किती जणांनी चाकाची खुर्ची मागितली, किती जणांचे सामान दिल्लीत पुन्हा उचलावे लागले, किती जणांनी मधल्या वर्गाचे तिकीट मागितले आणि ते भरलेले आढळले, हे पाहावे. हे आकडे कंपन्यांच्या संगणकात रोज जमा होतात. पुढच्या चार खुर्च्यांची जागा कोणाला द्यायची याचा निकाल त्यांच्यावरून लागला पाहिजे.